जुनी ॲडव्हेंचर मॉड्यूल कशी पारखावीत

टीएसआर कंपनीने १९७८ ते १९८४ या काळात काढलेली डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवून खेळायच्या खेळाची मॉड्यूल, म्हणजे तयार साहसांच्या पुस्तिका, आज नाशिकमधील खेळाडूंच्या हाती येतात ती बहुधा पीडीएफच्या रूपात, आणि सोबत मोठी कीर्ती घेऊन. ही कीर्ती पुष्कळदा कोणाच्या तरी कॉलेजच्या दिवसांत रंगलेल्या डावाची असते. तो डाव मॉड्यूलमुळे रंगला की डीएमच्या (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) हजरजबाबीपणामुळे, हे त्या आठवणीवरून कळत नाही. म्हणून पारखताना एवढेच पाहावे, की या पानांमुळे डीएमचे काम किती हलके होते आणि खेळाडूंपुढे खरे निर्णय किती येतात.

त्याआधी मॉड्यूल कशासाठी लिहिले गेले, हे ठाऊक असावे. या खेळाचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांचे ‘टूम ऑफ हॉरर्स’ १९७५ साली ओरिजिन्स या खेळांच्या संमेलनातील स्पर्धेत खेळवले गेले आणि १९७८ साली छापले गेले. स्पर्धेत गटांची तुलना करायची असते, त्यामुळे वाट बरीचशी ठरलेली असणे आणि खेळाडूंची पात्रे पटापट मरणे हा तेथे दोष ठरत नाही. तेच मॉड्यूल अनेक महिने जपून वाढवलेल्या पात्रांसह खेळवले, तर गटात रुसवेफुगवे होणारच. उलट, माइक कार यांच्या ‘इन सर्च ऑफ द अननोन’मध्ये प्रत्येक खोलीतील राक्षस आणि खजिन्याच्या जागा मुद्दाम रिकाम्या ठेवल्या आहेत, नवशिक्या डीएमने त्या स्वतः भरून शिकावे हा हेतू असल्यामुळे त्याला अपुरे म्हणणे अन्यायाचे होईल.

सर्वांत जास्त वेळ नकाशाला द्यावा. खोल्यांची वर्णने न वाचता नुसत्या बोटाने वाटा फिरून पाहाव्यात: आत येण्याचे मार्ग किती आहेत, दोन ठिकाणांमध्ये पर्यायी वाट आहे का, खाली उतरणारे जिने एकाहून अधिक आहेत का. पांडवलेण्यात प्रत्येक लेण्यात समोरून शिरायचे आणि समोरूनच बाहेर पडायचे असते. जुन्या नाशकात मात्र भद्रकालीहून गोदाघाटाकडे निघालेल्या माणसाला एक गल्ली अडली तर दुसरी सापडते. चांगल्या डंजनचा, म्हणजे साहस जेथे घडते त्या भुयारी वास्तूचा, नकाशा या गल्ल्यांच्या जातीचा असतो, कारण वाट निवडता आली तरच शत्रूला वळसा घालणे, त्याला मागून गाठणे किंवा वेळेवर पळ काढणे शक्य होते. जेनेल जॅक्वेज यांचे, जजेस गिल्ड या प्रकाशनसंस्थेने १९७९ साली काढलेले ‘कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’ या बाबतीत अजूनही नमुन्यादाखल दाखवावे असे आहे. त्यात प्रवेश अनेक आहेत आणि मजले एकमेकांशी निरनिराळ्या ठिकाणी जोडलेले आहेत. (टीएसआरच्या त्या काळातील बऱ्याच मॉड्यूलचे नकाशे सुट्या कव्हरच्या आतल्या बाजूला निळ्या रंगात छापलेले असत आणि साध्या झेरॉक्सवर ते पुसट उमटतात. नकाशा समजत नाही अशी तक्रार करण्यापूर्वी रंगीत प्रिंट काढून पाहावी.)

त्यानंतर तेथे राहणाऱ्यांकडे वळावे. खोलीत कोण आहे आणि त्याचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) किती, एवढीच माहिती असेल तर ती यादी झाली. आरडाओरडा ऐकल्यावर शेजारच्या खोलीतील मंडळी काय करतील, हे लिहिलेले असेल तर डीएमला हाताशी धरण्यासारखे काही मिळते. ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’मधील गॉब्लिन संकटात सापडले की गुप्त दारातून शेजारच्या ओगरकडे, म्हणजे एका आडदांड राक्षसाकडे, पैशांची थैली फेकतात आणि तो त्यांच्या मदतीला येतो. एवढ्याशा तपशिलातून खेळाडूंना एक युक्ती सुचू शकते, ती म्हणजे ओगरला आपणच अधिक पैसे देऊन फोडावे. त्याच मॉड्यूलमध्ये किल्ल्यातील माणसांना नावे नाहीत, केवळ हुद्दे आहेत. ही उणीव खरी, पण ती अर्ध्या तासात भरून निघते.

सापळ्यांबाबत निकष सरळ आहे: लक्षपूर्वक पाहणाऱ्या खेळाडूला आगाऊ इशारा मिळतो का? ‘टूम ऑफ हॉरर्स’मधील हिरव्या राक्षसी चेहऱ्याच्या जबड्यात शिरणारे पात्र कायमचे नाहीसे होते, म्हणून ते मॉड्यूल क्रूर म्हणून गाजले. तथापि प्रवेशाच्या दालनातील फरशीवरच एक कोडे लिहिलेले आहे आणि हिरव्यापासून दूर राहावे असे त्यात बजावले आहे. इशारा असूनही ओढवलेला मृत्यू खेळाडू मान्य करतात. इशाऱ्याविना आलेल्या मृत्यूवर मात्र वाद होतो, आणि तो रास्तच असतो.

कथानकाच्या बाबतीत मी कडक आहे. १९८४ साली सुरू झालेल्या ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेत तयार नायक आहेत, आणि महत्त्वाचे पात्र, मग तो खलनायक का असेना, मेलेच तर ते पुढे परत आणता यावे, अशा संदिग्ध रीतीने मारावे, अशी सूचना डीएमला दिलेली आहे. जेथे खलनायकाला हरवण्यालाही अर्थ उरत नाही, तेथे खेळाडूने कशासाठी डोके चालवावे? ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांच्या १९८३ च्या ‘रेव्हनलॉफ्ट’मध्येही कथा भरपूर आहे, परंतु महत्त्वाच्या वस्तू कोठे आहेत आणि खलनायकाचा हेतू काय, हे पत्ते काढून ठरते, त्यामुळे डीएमलाही शेवट आधी ठाऊक नसतो.

खजिना, जादूच्या वस्तू आणि खेळाडूंना वाचून दाखवायच्या वर्णनांच्या चौकटी यांवर फार वेळ घालवू नये. चौकट लांबलचक असेल तर तिची दोन वाक्ये करावीत, आणि खेळाडूंना काय वाटले हे तीच सांगत असेल तर तो भाग खोडून टाकावा.

एवढे झाल्यावर मॉड्यूलचा एक कोपरा, म्हणजे साधारण सहा-सात खोल्या, एका बैठकीत चालवून पाहाव्यात. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतील शिफ्ट सांभाळून येणाऱ्या गटाला रविवारी तीनेक तासच मिळतात, आणि तेवढ्या वेळात काही तरी तडीस जाते का, हेही त्यातून कळते. चालवताना आपल्याला पाने किती वेळा मागेपुढे करावी लागली, कोणती माहिती ऐन वेळी सापडली नाही, खेळाडूंनी कोठे थांबून आपसांत खल केला, याच्या खुणा समासात कराव्यात. लिखाणातील दोष असे पेन्सिलीने दुरुस्त होतात. नकाशाच एकमार्गी असेल तर तो नव्याने काढावा लागतो, आणि तेवढे कष्ट घेण्यापेक्षा दुसरे मॉड्यूल निवडावे.