एकाच बॅटरीवर ऑप-अँप कसा चालवावा

श्रावणात आमच्याकडे खानदेशात कानबाई देवीचं विसर्जन सोमवारी सकाळी निघतं. पुढे बाया अहिराणीत गाणी म्हणत असतात आणि मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर माइक आणि भोंगा. वीज म्हणजे ट्रॅक्टरचीच १२ व्होल्टची बॅटरी. त्या माइकसाठी प्रीअँप, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट, करायला मी पहिल्यांदा बसलो, तेव्हा पुस्तकातल्या आकृतीत अधिक १५ आणि उणे १५ व्होल्ट असे दोन पुरवठे होते. उणे १५ आणणार कुठून? मी ७४१ या ऑप-अँपचा, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या आयसीचा, उणे पुरवठ्याचा पाय सरळ ग्राउंडला (बॅटरीच्या मायनसला) जोडला आणि माइक लावला. आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटलं, ते हलेचना. आयसी खराब म्हणून मी तीन बदलले. तिन्ही चांगले होते.

चूक समजायला एकच गोष्ट पुरते: ऑप-अँपला ‘शून्य’ नावाचा पायच नसतो. त्याला फक्त पुरवठ्याची दोन टोकं कळतात. वरचं टोक १५ आणि खालचं उणे १५, की वरचं १२ आणि खालचं ०, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सिग्नल या दोन टोकांच्या आत राहिला पाहिजे, एवढंच. माइकचा सिग्नल शून्याच्या वरखाली झुलतो, आणि माझ्या जोडणीत शून्याच्या खाली जागाच नव्हती. म्हणून सोल्डर तापवण्याआधी ठरवा: आपल्या सिग्नलचं शून्य कुठे ठेवायचं?

आयसी एलएम३५८ घ्या. तो ३ ते ३२ व्होल्टवर चालतो, एका आयसीत दोन ऑप-अँप असतात, आणि त्याचं इनपुट थेट ग्राउंडपर्यंत खाली जाऊ शकतं. ७४१ ला दोन्ही टोकांपासून साधारण दोन व्होल्ट अंतर लागतं, त्यामुळे इथे तो नकोच. एलएम३५८ चा ८ नंबरचा पाय बॅटरीच्या प्लसला, ४ नंबरचा मायनसला. या दोन पायांमध्ये, आयसीला अगदी लागून, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. बॅटरीच्या प्लसला फ्यूज आणि पुढे एक १एन४००७ डायोड हवाच, कारण शेतात घाईघाईत वायरी उलट लागतात.

आधी सोपं काम करून हात बसवा: तापमान मोजा. एलएम३५ हा सेन्सर दर अंश सेल्सिअसला १० मिलीव्होल्ट देतो. भुसावळच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांना ४५० मिलीव्होल्ट. हा सिग्नल ग्राउंडच्या खाली कधी येत नाही (आपल्याकडे थंडीतही नाही), म्हणून इथे ग्राउंड हेच शून्य. सेन्सरचा सपाट भाग आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून पुरवठा, आउटपुट, ग्राउंड असा क्रम येतो. आउटपुट आयसीच्या ३ नंबरला द्या. २ नंबरपासून ग्राउंडला १० किलोओहम, २ पासून १ ला १०० किलोओहम. सिग्नल ११ पट होतो: ४५ अंशांना १ नंबरवर ४.९५ व्होल्ट. केळीच्या बागेत किंवा कांद्याच्या चाळीत लावायला एवढं पुरतं.

आता तापमानाची जोडणी काढून त्याच पायांवर माइक. याचा सिग्नल दोन्ही बाजूंना झुलतो, म्हणून त्याला पुरवठ्याच्या मध्यावर बसवायचं. दोन रेझिस्टर बॅटरीवर एकापुढे एक लावले की त्यांच्या सांध्यावर मधला व्होल्टेज मिळतो. सगळे दोन्ही सारखे घेतात, पण एलएम३५८ चं आउटपुट वर दीड व्होल्ट आधीच थांबतं. १२ व्होल्टवर ते ० ते साडेदहा एवढंच फिरतं. त्याचा खरा मध्य सव्वापाचच्या आसपास. म्हणून मी वर १० आणि खाली ८.२ किलोओहम घेतो, सांध्यावर ५.४ व्होल्ट येतात. सांध्यापासून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड लावायला विसरू नका. तो नसेल तर बॅटरीवरचा प्रत्येक खरखराट या सांध्यातून थेट इनपुटला जातो.

सांध्यापासून ३ नंबरला १०० किलोओहम जोडा आणि माइकचा सिग्नल ०.१ मायक्रोफॅरडमधून त्याच पायावर आणा. कपॅसिटर माइककडचा व्होल्टेज अडवतो आणि आवाज सोडतो. ही जोडी १६ हर्ट्झच्या वरचं सगळं जाऊ देते. २ पासून १ ला १०० किलोओहम. २ पासून १ किलोओहम आणि त्याच्यापुढे १० मायक्रोफॅरड, मग ग्राउंड. प्लस बाजू आयसीकडे. चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. हा कपॅसिटर गाळून रेझिस्टर सरळ ग्राउंडला नेला, तर ५.४ व्होल्टच १०१ पट करायला निघतात आणि आउटपुट वर चिकटतं. कपॅसिटर असला की स्थिर व्होल्टेज एकपटच राहतो आणि फक्त आवाज १०१ पट होतो.

आउटपुट १० मायक्रोफॅरडमधून पुढच्या अँप्लिफायरला द्या, प्लस बाजू १ नंबरकडे. १ नंबरपासून ग्राउंडला ४.७ किलोओहमही लावा. त्याशिवाय एलएम३५८ मधून हळू आवाज फाटका येतो. कॉलर माइकच्या कॅप्सूलला वीज देताना प्लसकडून १० किलोओहम, तिथून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरड, आणि पुढे कॅप्सूलपर्यंत आणखी १० किलोओहम. आयसीचा उरलेला अर्धा भाग लोंबकळत ठेवू नका: ६ आणि ७ एकमेकांना जोडा, ५ मधल्या सांध्याला.

माइक लावण्याआधी बॅटरी जोडून दोन-तीन सेकंद थांबा. १०० मायक्रोफॅरड भरायला तेवढा वेळ लागतो. मग मल्टिमीटरने १ नंबर मोजा. डायोड थोडा व्होल्टेज खातो, म्हणून पाचच्या थोडं वर दिसेल, आणि सांध्यावर मोजलं तरी जवळपास तेवढंच यायला हवं. शून्य किंवा दहा दिसलं तर आयसीवर राग काढण्याआधी २ नंबरकडचा १० मायक्रोफॅरड तपासा. शेवटी ट्रॅक्टर चालू करून पुन्हा मोजा: बॅटरी चौदाच्या वर जाते, सांधा त्या प्रमाणात वर सरकतो, आणि १ नंबर त्याच्यामागे गेला पाहिजे.