काड्या पूर्ण, तरी नेट रखडतंय? या चुका टाळा

नागपुरात बजाजनगरच्या एका फ्लॅटमध्ये परवा गेलो. मोबाइलवर वाय-फायच्या काड्या पूर्ण, पण मुलीचा ऑनलाइन क्लास दर पाच मिनिटांनी अडकत होता. राउटरला हात लावण्याआधी मी वाय-फाय अ‍ॅनालायझर, म्हणजे आसपासची नेटवर्क दाखवणारं अ‍ॅप, उघडलं. शेजारपाजारच्या नेटवर्कनी स्क्रीन भरून गेली. काड्या सिग्नलचा जोर सांगतात, भोवती गोंगाट किती आहे ते सांगत नाहीत.

तिथे कुणीतरी 'रिकामा दिसतो' म्हणून राउटरला ३ नंबरचा चॅनल, म्हणजे लहरींच्या पट्ट्यातली ३ नंबरची जागा, लावून ठेवला होता. ही चूक मला सगळ्यात जास्त सापडते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनल ५-५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत, राउटर मात्र निदान २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. म्हणून एकमेकांत न घुसणारे चॅनल १, ६ आणि ११ एवढेच. शेजाऱ्याच्याच चॅनलवर बसलात, तर दोन्ही राउटर एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात. ३ वर गेलात, की १ आणि ६ या दोन्हींचं अर्धवट कानावर येतं. त्याचा अर्थ लागत नाही, डेटा बिघडतो आणि पुन्हा पाठवावा लागतो. या तिघांतला कमी गर्दीचा चॅनल घ्या, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झवरच ठेवा. ४० केलीत तर जवळजवळ अर्धा पट्टा तुम्हीच अडवता. टीव्ही, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर न्या, मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, त्याचा त्रास तिथे पोहोचत नाही.

आता आपला नागपुरी उन्हाळा. केबल खिडकीतून येते म्हणून राउटरही तिथेच, आणि एप्रिलमध्ये कूलरही त्याच खिडकीत! पत्र्याची बॉडी लहरी अडवते, टाकीतलं पाणी आणि ओल्या ताट्या त्या शोषतात. केबल लांबवा, पण राउटर खोलीच्या मध्याकडे, उंचावर हलवा.

यूएसबी ३ ची हार्डडिस्क राउटरला किंवा वायरलेस माउसच्या रिसीव्हरला चिकटवून ठेवू नका. तिचा गोंगाट नेमका २.४ मध्येच पडतो. रिसीव्हर छोट्या एक्स्टेंशन केबलने दूर घ्या.

महाल, इतवारीच्या जाड भिंतींत मोबाइलला रेंज मिळत नाही म्हणून कृपा करून बूस्टर, म्हणजे मोबाइलचा सिग्नल वाढवणारं यंत्र, बसवू नका. परवान्याशिवाय तो बेकायदेशीर आहे. शिवाय आतला आणि बाहेरचा अँटेना जवळ असले, की तो स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा वाढवत टॉवरकडे फेकतो आणि अख्ख्या मोहल्ल्याचे कॉल तुटतात. घरात वाय-फाय असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा, म्हणजे कॉल वाय-फायवरून जातील.