फुफ्फुसाच्या कर्करोगाचं ऑपरेशन आणि सीबीसीचा रिपोर्ट: या चुका टाळा

ऑपरेशनआधीचा साधा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं प्रथिन) पाहून पुढच्या वर्षांचा अंदाज बांधता येतो, असं हल्ली बरंच वाचायला मिळतं. त्यात तथ्य आहे. न्यूट्रोफिल वाढलेले, लिम्फोसाइट घटलेले (दोन्ही पांढऱ्या पेशींचे प्रकार) आणि अल्ब्युमिन उतरलेलं अशा रुग्णांच्या गटात ऑपरेशननंतर जगण्याचं प्रमाण कमी दिसतं, हे अनेक अभ्यासांत आढळलंय. घोळ होतो तो रिपोर्ट घेऊन मोबाइलवर आकडे भरायला बसल्यावर.

एकक न बघता सूत्र वापरणं

पोषण आणि प्रतिकारशक्ती एकत्र मोजणारा पीएनआय हा आकडा असा काढतात: अल्ब्युमिन गुणिले १०, अधिक लिम्फोसाइटची संख्या गुणिले ०.००५. अल्ब्युमिन ग्रॅम प्रति डेसीलीटरमध्ये हवं आणि लिम्फोसाइटची प्रत्यक्ष संख्या हवी, टक्केवारी नव्हे.

समजा अल्ब्युमिन ४, पांढऱ्या पेशी ७,००० आणि लिम्फोसाइट २० टक्के. म्हणजे लिम्फोसाइट १,४०० आणि पीएनआय ४७. पण रिपोर्टवरचे २० तसेच भरले, तर उत्तर येतं ४०.१. जपानमध्ये ओनोदेरा यांनी १९८४ साली हे सूत्र मांडलं, तेव्हा ४५च्या वर ऑपरेशन सुरक्षित आणि ४०च्या खाली धोक्याचं, असं धरलं होतं; तेही पोटाच्या आणि आतड्यांच्या रुग्णांसाठी. एका चुकीच्या खान्यामुळे बरा माणूस धोक्याच्या रेषेला टेकतो, आणि घरात रडारड.

सीआरपीचंही तसंच. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लीटर छापतात, काही प्रति डेसीलीटर. फरक थेट दहापट. न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट, म्हणजे एनएलआर, तेवढा टक्क्यांवरूनही बरोबर येतो. वरच्याच माणसाचे न्यूट्रोफिल ७० टक्के असतील तर ३.५.

कुठल्या दिवसाचं रक्त, हे न विचारणं

बहुतेक अभ्यासांत ऑपरेशनच्या आधीचं रक्त धरलेलं असतं. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत सीआरपी शिखर गाठतं, न्यूट्रोफिलही चढतात. ही शरीराची जखमेला दिलेली प्रतिक्रिया. त्या रिपोर्टवर एनएलआर काढून घाबरण्यात अर्थ नाही.

ऑपरेशनआधीचा आकडाही फसवू शकतो. गाठीने श्वासनलिका अडून न्यूमोनिया झाला असेल, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालू असेल, केमोनंतर पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं असेल, तर न्यूट्रोफिल वाढणारच. सिगारेटनेही पांढऱ्या पेशी वाढतात. म्हणून रिपोर्ट दाखवताना ताप, औषधं, इंजेक्शनं यांच्या तारखा सांगा. संसर्ग असेल तर तो बरा झाल्यावर पुन्हा तपासायचं का, हे डॉक्टर ठरवतील.

एकच ‘कट-ऑफ’ खरा मानणं

एनएलआरची धोक्याची सीमारेषा कुणी २.५ धरतं, कुणी ३, कुणी ५. बऱ्याचदा हाताशी असलेल्या रुग्णांमध्ये जी रेष सर्वांत ठळक फरक दाखवते, तीच निवडलेली असते. दुसऱ्या हॉस्पिटलच्या रुग्णांवर ती तेवढी चालत नाही. २.९चा ३.१ झाला म्हणून काही बदललेलं नसतं.

गटाचा धोका स्वतःच्या वर्षांत मोजणं

‘धोका दुप्पट’ म्हणजे आयुष्य निम्मं, असं नव्हे. गाठीचा आकार, लिम्फ नोडमधला प्रसार, काढलेल्या भागाच्या कडा कर्करोगापासून मोकळ्या आहेत का, स्टेज कोणती, यांचं वजन अजूनही सर्वांत जास्त आहे. ऑपरेशननंतर केमो हवी की नको, हे एनएलआरवर ठरत नाही. माझ्या मते हे आकडे मांडण्यात जाणारा वेळ गाठीतल्या ईजीएफआर या जनुकाच्या तपासणीचा रिपोर्ट आला का हे विचारण्यात घालवावा. ज्यांच्या गाठीत ठराविक ईजीएफआर बदल होते, अशा १बी ते ३ए स्टेजच्या रुग्णांत ऑपरेशननंतर ओसिमर्टिनिब ही गोळी घेणाऱ्यांपैकी ५ वर्षांनी ८८ टक्के हयात होते, प्लासिबोच्या (औषध नसलेल्या गोळीच्या) गटात ७८ टक्के.

आकडा सुधारायच्या मागे लागणं

अल्ब्युमिन कमी म्हटलं की अंडी आणि प्रोटीन पावडर सुरू. खाणं सुधारावंच. पण शरीरात दाह असेल तर यकृत अल्ब्युमिन कमी बनवतं, आणि रक्तातल्या अल्ब्युमिनचं अर्धायुष्य साधारण तीन आठवडे असतं. आठवड्याभरात फरक शोधू नका. बाटलीतून अल्ब्युमिन चढवलं तर आकडा काही दिवस वर जातो, मूळ दाह तिथंच राहतो.