स्पेक्ट्रमच्या पाठीला पहिलं कार्ड लावताना

डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला मायक्रोप्रोसेसर विषय येतो तेव्हा ८०८५ या प्रोसेसरचे टायमिंग डायग्राम, म्हणजे कुठला सिग्नल कधी वर-खाली होतो त्याचे आलेख, आपण घोकून घोकून पाठ करतो. पेपरात ते बरोबर उतरतात, मार्कही पडतात. पण ॲड्रेस बस, म्हणजे प्रोसेसर कोणाला विचारतोय ते सांगणाऱ्या तारा, ही खरोखरची वस्तू आहे, तिला तार जोडता येते, त्या तारेवर काय चाललंय ते बघता येतं, हे लॅबमधल्या ट्रेनर किटवर उमगत नाही. किटभोवती अख्खी बॅच उभी असते आणि मागच्याला फक्त पुढच्याची पाठ दिसते. मला बस पहिल्यांदा दिसली ती सिंक्लेअरच्या झेडएक्स स्पेक्ट्रमवर, १९८२ साली इंग्लंडात बाजारात आलेल्या घरगुती संगणकावर. आज मी महापेला एका कंपनीत बोर्ड टेस्टिंगचं काम करतो आणि या कामाला लागणारी समज मला त्याच मशीनला मागून जोडायची छोटी सर्किट कार्डं बनवताना आली. ठाण्यात, ऐरोलीत, नेरुळला राहून इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या आणि हाताने काहीतरी करून बघायची ओढ असलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय.

स्पेक्ट्रमच का? त्यात ३.५ मेगाहर्ट्झवर चालणारा झेड८०ए प्रोसेसर आहे. मशीनच्या मागच्या बाजूला पीसीबीची, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डची, उघडी कडा आहे, वर २८ आणि खाली २८ पट्ट्यांची, आणि प्रोसेसरच्या जवळजवळ सगळ्या पिना मधे कुठलाही बफर (सिग्नल पुढे देणारा आयसी) न ठेवता तिथे आणून सोडल्या आहेत. शिकणाऱ्याला याहून चांगली खिडकी मिळणार नाही. शिवाय ८०८५ मधे खालचा ॲड्रेस आणि डेटा एकाच पिनांवरून येतात, ते वेगळे करायला लॅच, म्हणजे दिलेले बिट धरून ठेवणारा आयसी, लागतो. झेड८० मधे दोन्ही मुळातच वेगळे. त्यामुळे पहिल्याच दिवशी मुद्द्याला हात घालता येतो. झायलॉगने एकट्या झेड८० आयसीचं उत्पादन २०२४ मधे थांबवलं, पण त्याने शिकण्यात काही फरक पडत नाही.

आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ पासून परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकला. माझं मशीन तेच आहे, नात्यातल्या एका काकांच्या पोटमाळ्यावरून आलेलं. शोध घेतलात तर ठाणे-डोंबिवलीच्या जुन्या घरांमधे असं एखादं मशीन निघू शकतं. आपल्या घरचे जुने टीव्ही मशीनसारखेच पाल (PAL) पद्धतीचे असल्यामुळे चित्रही सरळ येतं.

मशीन घरी आलं तेव्हा मला लगेच सोल्डरिंग आयर्न तापवायचं होतं. आमच्या सोसायटीत एक काका राहतात, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टेस्टिंग विभागातून निवृत्त झालेले. त्यांना सर्किट दाखवायला गेलो. कागद बघून त्यांनी एकच विचारलं, "तुझं कार्ड गप्प कधी बसणार, ते सांग आधी."

हा प्रश्न कळला की निम्मं काम झालं असं मी मानतो. डेटा बसच्या आठ तारांवर रॉम आहे, रॅम आहे, पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारा यूएलए हा आयसी आहे. प्रोसेसर ज्याला विचारेल त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी तारेवरून हात काढून घ्यायचा. ट्राय-स्टेट म्हणजे हेच. आपलं कार्ड या घरात नवीन आलेला माणूस आहे. कधी बोलायचं याआधी कधी बोलायचं नाही हे त्याला ठाऊक हवं.

पहिलं कार्ड साधं ठेवा: आठ एलईडी आणि आठ स्विच. एलईडींसाठी ७४एचसीटी५७४ हा लॅच, स्विचसाठी ७४एचसीटी५४१ हा ट्राय-स्टेट बफर, आणि निवड करायला ७४एचसीटी३२, म्हणजे चार ऑर गेट. झेड८० चे कंट्रोल सिग्नल खाली (शून्य व्होल्टकडे) गेले की चालू, म्हणून ऑर गेट सोयीचं: सगळ्या इनपुट खाली असतील तरच आउटपुट खाली जातं. पहिल्या गेटला आयओआरक्यू (पोर्टशी बोलण्याची खूण) आणि ए७ (ॲड्रेस बसची एक तार) द्या. त्याचं आउटपुट आणि डब्ल्यूआर (लिहिण्याची खूण) दुसऱ्या गेटला. ते लॅचच्या क्लॉकला. पहिल्या गेटचंच आउटपुट आणि आरडी (वाचण्याची खूण) तिसऱ्या गेटला; ते बफरच्या एनेबलला. चौथं गेट उरतं, त्याच्या इनपुट ग्राउंडला बांधून टाका.

इथे जरा थांबून टायमिंग डायग्राम काढा. लॅच क्लॉक वर जाताना डेटा पकडतो. डब्ल्यूआर वर जातो तो लिहिण्याच्या शेवटी, आणि झेड८० त्यानंतरही थोडा वेळ डेटा धरून ठेवतो. म्हणून हे सर्किट चालतं. दुसरी गोष्ट, इंटरप्ट (चालू काम थांबवायला लावणारा सिग्नल) स्वीकारताना झेड८० एम१ हा आणखी एक कंट्रोल सिग्नल आणि आयओआरक्यू दोन्ही एकदम खाली आणतो. नुसत्या आयओआरक्यूवर विसंबलात तर त्या क्षणी कार्डला वाटेल की आपल्यालाच बोलावलं. आरडी आणि डब्ल्यूआर तेव्हा वरच असतात, त्यामुळे आपल्या जोडणीत ही अडचण येत नाही. का येत नाही हे मात्र कागदावर स्वतः काढून बघा. पाठ केलेला डायग्राम पहिल्यांदा कामाला येतो तो इथे.

सामान लॅमिंग्टन रोडला मिळतं. ठाण्याहून दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड, पूर्वेला उतरून चालत. यादीत 'एचसीटी' ठळक लिहून न्या, कारण काउंटरवर एचसी या दुसऱ्या जातीचे आयसी पुढे करून "हेही चालेल" म्हणणारे भेटतात. जुना एनमॉस झेड८० 'वर' म्हणून निदान २.४ व्होल्ट देण्याची हमी देतो. एचसीला पाच व्होल्टवर साधारण ३.५ लागतात, एचसीटीला २ पुरतात. एचसी टेबलावर चालेलही, पण डेटाशीटच्या आधाराशिवाय चालणाऱ्या सर्किटवर भरवसा ठेवू नये. एचसीटी नाहीच मिळाला तर एलएस जातीचा घ्या. प्रत्येक आयसीजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, आयसी बेस, एलईडीला एक किलोओहमचे रेझिस्टर, स्विचला दहा किलोओहमचे पुल-अप, आणि एक झिरो पीसीबी (भोकं पाडलेला कोरा बोर्ड). ब्रेडबोर्ड नको, लांब लोंबत्या तारा घेऊन बफर नसलेल्या बसला जोडणं म्हणजे न सापडणाऱ्या चुका विकत घेणं.

कनेक्टर मात्र सहजी मिळत नाही. ५६ पिनांचा, २.५४ मिलिमीटर अंतराचा लागतो. यावर भंगारातला उपाय आहे: ४८६ किंवा पेंटियमच्या जुन्या मदरबोर्डवरचा काळा आयएसए स्लॉट. त्याच्या आठ-बिट भागात बाजूला ३१ अशा ६२ पिना असतात आणि अंतर तेच. डिसोल्डर पंपाने सावकाश काढा, हॅक्सॉच्या पात्याने २८ जोड्यांवर कापा, दोन्ही टोकं मोकळी ठेवा. मग पाचव्या जागेवरच्या दोन्ही पिना उपटून तिथे प्लॅस्टिकची पातळ पट्टी बसवा, कारण स्पेक्ट्रमच्या कडेला पाचव्या जागी खाच आहे.

या पट्टीचा कंटाळा कोणीही करू नका. खालच्या बाजूला तिसऱ्या जागी पाच व्होल्ट आहेत आणि लगेच शेजारी चौथ्या जागी रेग्युलेट न केलेले नऊ व्होल्ट. वरच्या बाजूला उणे पाच आणि बारा व्होल्टही आहेत. कनेक्टर एका घराने सरकला तर नऊ व्होल्ट थेट पाचच्या लाइनवर जातात आणि चाळीस वर्षं टिकलेले आयसी क्षणात जातात. यूएलए तर खास सिंक्लेअरसाठी फेरांती कंपनीने बनवलेला, दुकानात मिळणारा नव्हे. त्याच कारणाने मशीन चालू असताना कार्ड कधीही लावायचं नाही, काढायचंही नाही. लावण्याआधी मल्टीमीटरच्या बीपवर पाच, नऊ आणि ग्राउंड यांच्यात कुठे शॉर्ट नाही ना, ते तपासायचं, मग एकेक तार कडेच्या पट्टीपासून आयसीच्या पायापर्यंत. मशीनचा ७८०५ रेग्युलेटर आधीच तापलेला असतो; कार्डने त्याच्याकडून थोडीच वीज घ्यावी. रिले चालवायचे असतील तर वेगळा सप्लाय आणि यूएलएन२००३ हा ड्रायव्हर आयसी वापरा. आणि आपल्याकडे खाडीची दमट हवा, त्यात पावसाळा: कडेच्या पट्ट्या काळवंडतात, त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या.

सगळं नीट असेल तर मशीन चालू केल्यावर नेहमीची कॉपीराइटची ओळ येते. आली नाही तर लगेच बंद. आली की 'आउट १२७, ८५' टाका. १२७ हा पोर्टचा नंबर, म्हणजे फक्त ए७ खाली, आणि ८५ म्हणजे एकाआड एक बिट, त्यामुळे एकाआड एक एलईडी लागतो. १७० दिलं की उरलेले लागतात, आधीचे विझतात. ती आठ लुकलुकणारी टिंबं बघताना बस, डिकोडिंग, लॅच हे शब्द एकदम माझ्या ओळखीचे झाले. मग 'प्रिंट इन १२७' करून स्विच वाचा.

आता या कार्डमधली उणीव. ते फक्त ए७ बघतं, म्हणजे ए७ खाली असलेल्या कुठल्याही पोर्टला ओ देतं. यूएलए २५४ वर आहे, तिथे ए७ वर असतो, त्यामुळे कीबोर्डला त्रास नाही. पण केम्पस्टन कार्डाला जोडलेली जॉयस्टिक ३१ वर वाचतात आणि ३१ मधे ए७ खालीच असतो. दोन्ही कार्डं लावलीत की एकाच वेळी दोघं बसवर बोलणार. उपाय म्हणून ऑर गेट काढून एकच ७४एचसीटी१३८ हा डिकोडर लावा. त्याच्या वर असताना चालणाऱ्या एनेबलला ए५, खाली असताना चालणाऱ्या दोन एनेबलना ए७ आणि आयओआरक्यू. निवडीच्या ए, बी, सी पिनांना अनुक्रमे आरडी, डब्ल्यूआर, ए६. लिहिताना वाय५ हे आउटपुट खाली जातं, वाचताना वाय६. आता ३१ ला कार्ड गप्प बसतं. एका आयसीत इतकं नेटकं काम होतं हे बघून मला जो आनंद झाला तो अजून ताजा आहे.

दुसरं कार्ड मेमरीचं करा, पण मशीन १६ केचं, म्हणजे १६ किलोबाइट रॅमचं, असेल तरच. ४८ केच्या मशीनमधे वरची जागा आतल्या रॅमने भरलेली असते आणि ती बाहेरून बंद करता येत नाही. वाशीच्या एका मित्राकडे रबरी कळांचा १६ केचा स्पेक्ट्रम होता, त्यासाठी आम्ही हे बनवलं. ६२२५६ हा ३२ केचा स्टॅटिक रॅम आणि एक ७४एचसीटी००, एवढंच. एका नँड गेटने एमरेक (मेमरीशी बोलण्याची खूण) उलटा करायचा, दुसऱ्यात तो आणि ए१५ घालायचे, आउटपुट रॅमच्या चिप सिलेक्टला. आरडी आउटपुट एनेबलला, डब्ल्यूआर राइट एनेबलला. आतली रॅम ताजी ठेवणाऱ्या रिफ्रेशच्या वेळी एमरेक खाली येतो, पण आरडी-डब्ल्यूआर वर असल्यामुळे काही बिघडत नाही. तपासायला 'प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३' द्या. आधी ३२७६७ यायचं, कार्ड लावल्यावर ६५५३५ येतं. सुरू होताना मशीन स्वतःच मेमरी मोजतं, त्यामुळे हा आकडा म्हणजे मशीननेच दिलेली पावती.

नोकरीचं काय, हे विद्यार्थी विचारतातच. झेड८० येतो म्हणून कोणी घेत नाही. कायकॅड या सॉफ्टवेअरमधे पीसीबी काढता आला पाहिजे, एसटीएम३२ सारख्या कंट्रोलरवर सी भाषा लिहिता आली पाहिजे, एसएमडी (बोर्डच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या बारीक भागांचं) सोल्डरिंग जमलं पाहिजे. पण माझ्या मुलाखतीत मी एलईडीचं कार्ड सोबत नेलं होतं. घेणाऱ्यांनी ते उलटं करून तारांची बाजू बघितली आणि विचारलं, "दोन डिव्हाइस एकाच वेळी बोलले तर?" मी ३१ आणि १२७ ची भानगड कागदावर काढून दाखवली आणि पुढचा सगळा वेळ त्यावरच बोलणं झालं. आता कामावर एसपीआय बसच्या एकाच मिसो (स्लेव्हकडून येणाऱ्या डेटाच्या) लाइनवर दोन स्लेव्ह भांडत असले की मी पहिल्यांदा चिप सिलेक्ट बघतो. आठ चॅनेलचा स्वस्तातला यूएसबी लॉजिक ॲनलायझर जमलं तर जरूर घ्या. २४ मेगाहर्ट्झचं सँपलिंग ३.५ मेगाहर्ट्झच्या बसला पुरतं. आणि प्रत्येक कार्डासोबत हाताने काढलेलं सर्किट आणि टायमिंग तारखेसकट वहीत ठेवा. मुलाखतीत कार्डाइतकीच ती वही बघितली जाते.

दोन्ही कार्डं चालली की रॉमकडे वळा. यूएलएचा रॉम निवडण्याचा सिग्नल आतल्या रॉमपर्यंत ६८० ओहमच्या रेझिस्टरमधून जातो, त्यामुळे कडेवरची रॉमसीएस लाइन पाच व्होल्टला बांधली की आतला रॉम गप्प होतो. मग २८सी२५६ ईईप्रॉम घ्या, त्याचा ए१४ ग्राउंडला बांधा, आणि बसवरचे एमरेक, ए१४, ए१५ तिन्ही खाली असतील तेव्हाच तो निवडला जाईल असं ७४एचसीटी३२ ने करा; आरडी त्याच्या आउटपुट एनेबलला. आतल्या रॉमची प्रत त्यात भरताना कॉपीराइटच्या ओळीतली अक्षरं बदला, ओळीची लांबी तेवढीच ठेवून. मशीन चालू केलं की पडद्यावर तुमचं नाव येईल.