प्रोपेनची टाकी विकत घ्यावी की भाड्याने? या चुका टाळा

अमेरिकेत घर घेताना शाळा, मालमत्ता कर आणि कचेरीचे अंतर यांची बारकाईने चौकशी करणारा माणूस मागच्या अंगणातल्या लांबट पांढऱ्या टाकीपुढे मात्र गोंधळतो. शहराबाहेरच्या ज्या वस्त्यांमध्ये नैसर्गिक वायूची वाहिनी पोहोचलेली नाही, तिथे फर्नेस (घर तापवणारी भट्टी), वॉटर हीटर, शेगडी आणि कधीकधी जनरेटरही या टाकीतल्या प्रोपेनवर चालतो. टाकी विकत घ्यायची की गॅस कंपनीची भाड्याने ठेवायची, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा समोर येतो, आणि बहुतेक जण तो टाकीची किंमत भागिले वार्षिक भाडे एवढ्या साध्या भागाकाराने सोडवू पाहतात. पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ या भागाकारात असते.

यामागे भारतातली सवयही आहे. तिथे १४.२ किलोचा सिलिंडर कंपनीचाच असतो, आपण फक्त अनामत भरतो आणि रिकामा देऊन भरलेला घेतो. सिलिंडर आपल्या मालकीचा नसल्याने आपले काही बिघडत नाही, कारण सरकारी तेल कंपन्यांच्या दरात एकाच गावात फारसा फरक नसतो. अमेरिकेत घरगुती प्रोपेनच्या किरकोळ दरावर असे नियंत्रण नाही. एकाच रस्त्यावरच्या दोन घरांना, प्रसंगी एकाच कंपनीकडून, प्रति गॅलन वेगवेगळा दर लागलेला आढळतो. अशा बाजारात टाकी कोणाची, यावर गॅस कोणाकडून घेता येईल हे ठरते. टाकी फक्त तिच्या मालकाने किंवा मालकाच्या परवानगीने भरावी, असे एनएफपीए ५८ ही देशभर वापरली जाणारी सुरक्षा संहिता सांगते आणि अनेक राज्यांच्या कायद्यांतही तशी तरतूद आहे. म्हणजे टाकी कंपनीची असेल, तर शेजारच्या गावातला दुसरा पुरवठादार कितीही स्वस्त देत असला तरी त्याचा ट्रक तुमच्या दारात रिता होणार नाही.

आपल्याला गॅस किती लागतो, हे न पाहता निर्णय घेणे

समजा, एका घरात वर्षाला ९०० गॅलन प्रोपेन जळते आणि टाकी स्वतःची असल्यामुळे प्रति गॅलन ५० सेंट कमी दर मिळवता येतो. वर्षाकाठी ४५० डॉलर वाचतात, त्यात वाचलेल्या भाड्याची भर पडते आणि टाकीची किंमत काही वर्षांत वसूल होते. आता दुसरे घर घ्या. तिथे घर तापवायला विजेवर चालणारा हीट पंप आहे आणि प्रोपेन फक्त शेगडीला व शेकोटीला लागते, म्हणजे वर्षाला जेमतेम १२० गॅलन. तोच फरक इथे ६० डॉलरचा होतो, आणि एवढ्यासाठी टाकी, तिची देखभाल आणि जबाबदारी अंगावर घेण्यात अर्थ नाही. मात्र अशा घरासाठी भाड्याच्या करारात किमान वापराची अट आहे का, हे आधी पाहावे, कारण ठरावीक गॅलनपेक्षा कमी गॅस घेतल्यास वेगळे शुल्क लावणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत.

वापराचा अंदाज बांधणे अवघड नाही. एक गॅलन प्रोपेनमध्ये सुमारे ९१,५०० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) उष्णता असते, त्यामुळे १ लाख बीटीयूची फर्नेस पूर्ण क्षमतेने चालली तर तासाला साधारण १.१ गॅलन जाळते. याहून चांगला आधार म्हणजे आधीच्या मालकाकडच्या दोन हिवाळ्यांच्या गॅस भरल्याच्या पावत्या. “फार लागत नाही” हे तोंडी उत्तर हिशेबात धरू नये. घर विकणाऱ्याला सगळेच कमी लागत असते.

घरासोबत टाकीही आली, असे गृहीत धरणे

घर दाखवताना टाकी “घराबरोबर येते” असे सांगितले जाते, आणि सांगणाराही बहुधा प्रामाणिक असतो. त्याने स्वतः घर घेतले तेव्हा त्यालाही कोणीतरी हेच सांगितलेले असते. क्लोजिंग, म्हणजे घराचा व्यवहार पूर्ण, झाल्यावर गॅसवाल्याला फोन केला की टाकी कंपनीची आहे, नवा करार करावा लागेल आणि दर अमुक राहील, असे कळते. त्या वेळी हिवाळा तोंडावर असेल तर घासाघीस करायला वावच उरत नाही.

मालकी कशी तपासावी? टाकीवर रंगवलेले कंपनीचे नाव हा भक्कम पुरावा नव्हे. कंपन्या एकमेकींत विलीन होतात, जुने स्टिकर तसेच राहतात, आणि ग्राहकाच्या मालकीच्या टाकीवरही पुरवठादार आपले स्टिकर चिकटवून जातो. टाकीच्या अंगावर, बहुधा वरच्या झाकणाखाली किंवा त्याच्या जवळ, धातूची एक पट्टी जोडलेली असते. तिच्यावर निर्मात्याचे नाव, अनुक्रमांक, निर्मितीचे वर्ष, पाण्याच्या मापातली क्षमता आणि कमाल दाब कोरलेला असतो. रंगाचे थर चढून अक्षरे बुजली असतील तर ओल्या फडक्याने पुसून आणि विजेरी तिरपी धरून ती वाचता येतात. खरवडू मात्र नयेत. हा अनुक्रमांक सध्याच्या पुरवठादाराला देऊन टाकी त्याच्या नोंदीत कोणाच्या नावावर आहे, याचे लेखी उत्तर मागावे, आणि टाकी विक्रेत्याची असल्यास खरेदी करारात ती नावानिशी नमूद करून घ्यावी.

याच टप्प्यावर आणखी एक गफलत होते. क्लोजिंगच्या दिवशी टाकीत उरलेल्या गॅसचे पैसे खरेदीदाराकडून घेण्याची पद्धत आहे. टाकीवरचा काटा टक्केवारी दाखवतो आणि ती टाकीच्या पूर्ण क्षमतेची असते. द्रवरूप प्रोपेन उन्हाने प्रसरण पावते म्हणून टाकी ८० टक्क्यांपर्यंतच भरतात, त्यामुळे ५०० गॅलनच्या टाकीत ४०० गॅलन मावतात हे बरेच जण ऐकून असतात, आणि काटा ६० वर असताना ४०० च्या ६० टक्के, म्हणजे २४० गॅलन, असा हिशेब करतात. प्रत्यक्षात तिथे ३०० गॅलन असतात. टाकी भाड्याची असेल तर हा उरलेला गॅस कोणाचा आणि त्याचे पैसे कोणाला द्यायचे, हेही कंपनीकडून लेखी घ्यावे.

भाड्याचा करार वरवर वाचणे

भाड्याची टाकी वाईट नसते. कमी वापराच्या घराला, दोन-तीन वर्षांत बदलीची शक्यता असलेल्या कुटुंबाला आणि रेग्युलेटर वगैरेंची कटकट नको असणाऱ्याला तीच सोयीची आहे. अडचण असते ती करारात. पहिल्या वर्षाचा आकर्षक दर दुसऱ्या वर्षी कशावरून ठरणार, हे बहुतेकदा लिहिलेले नसते किंवा “त्या दिवसाचा दर” एवढेच लिहिलेले असते. करार आपोआप नूतनीकरण होतो का, तो मोडायला किती दिवसांची सूचना लागते, टाकी उचलून नेण्याचे आणि आतला गॅस उपसण्याचे शुल्क किती, आणि आपण पैसे मोजून भरलेल्या त्या गॅसचा परतावा कोणत्या दराने मिळतो किंवा मिळतच नाही, ही कलमे सही करण्यापूर्वी वाचावीत. काही राज्यांत अशा शुल्कांवर आणि परताव्यावर ग्राहकहिताचे नियम आहेत. राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या संकेतस्थळावर ते सापडतात.

टाकीपासून घरापर्यंतची जमिनीखालची नळी आणि रेग्युलेटर कोणाच्या मालकीचे, हे कलम सगळ्यांच्या नजरेतून सुटते. टाकी उचलताना कंपनीने रेग्युलेटरही काढून नेले, की नव्या पुरवठादाराला सगळी जोडणी पुन्हा करावी लागते आणि तो खर्च आपल्या माथी येतो. घर विकताना करार खरेदीदाराच्या नावे करता येतो का, हेही विचारावे.

दर पारखायचा असेल तर अमेरिकेची ऊर्जा माहिती संस्था, म्हणजे ईआयए, ऑक्टोबर ते मार्च या काळात घरगुती प्रोपेनचे साप्ताहिक सरासरी दर प्रसिद्ध करते. आपला दर आणि राज्याची सरासरी शेजारी मांडली की कंपनीशी बोलायला मुद्दा मिळतो. फोन मात्र उन्हाळ्यात करावा.

मालकी म्हणजे निव्वळ स्वातंत्र्य, असे समजणे

२०१३ च्या शरद ऋतूत मध्य-पश्चिमेकडील राज्यांत मक्याचे मोठे पीक उशिरा आणि ओले आले, ते वाळवायला भरपूर प्रोपेन लागले, आणि पाठोपाठ कडाक्याची थंडी पडली. जानेवारी २०१४ च्या अखेरीस त्या भागात घरगुती दर प्रति गॅलन ४ डॉलरच्या वर गेला. अशा तुटवड्यात पुरवठादार आधी आपल्या नियमित ग्राहकांकडे पाहतात. ज्याची टाकी स्वतःची आहे आणि जो दर वेळी सर्वांत स्वस्त ट्रक शोधतो, त्याचे नाव कोणाच्याच यादीत वर नसते. त्यामुळे टाकी स्वतःची असली तरी एका हंगामासाठी एकाच पुरवठादाराशी दर आणि गॅस भरण्याचे वेळापत्रक ठरवून ठेवणे आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा चौकशी करणे, हा मला सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो.

शिवाय मालकीबरोबर देखभाल येते. रेग्युलेटरला उत्पादकाने ठरवलेले आयुष्य असते, साधारण १५ ते २५ वर्षांचे, आणि ते संपल्यावर बदलण्याचा खर्च मालकाचा. टाकी जमिनीखाली असेल तर तिला गंजापासून वाचवण्यासाठी मॅग्नेशियमचे ॲनोड पुरलेले असतात. ते टाकीऐवजी स्वतः झिजतात, म्हणून त्यांची वेळोवेळी चाचणी करावी लागते. पुरलेली टाकी अंगणात दिसत नाही हा तिचा गुण, आणि गंज दिसत नाही हा तिचाच दोष. विकत घेण्याचा विचार असेल तर जमिनीवरची टाकी बरी, असे माझे मत आहे. पुरायचीच असेल तर खणण्याआधी ८११ ला फोन करून भूमिगत वाहिन्यांच्या खुणा करून घ्याव्यात.

जुनी टाकी स्वस्तात घेण्याचा मोह शेतीच्या भागात विशेष होतो. जिच्यावरची धातूची पट्टी नाही किंवा वाचता येत नाही, अशी टाकी भरायला पुरवठादार नकार देतात. ती फुकट मिळाली तरी महाग. पितळी व्हॉल्ववर निळसर-हिरवट डाग दिसले तर त्या टाकीत कधीतरी खताचा अमोनिया भरला गेला असण्याची शक्यता असते. अमोनियामुळे पितळेला तडे जातात, म्हणून अशा टाकीचा विचार सोडून द्यावा. नवी टाकीही तशीच भरून चालत नाही. आतली हवा आणि ओल आधी काढावी लागते, नाहीतर गळती कळावी म्हणून मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा वास फिका पडू शकतो.

आकार आणि जागा

टाकी १२५ ते ५०० गॅलनची असेल तर ती घरापासून आणि हद्दीपासून किमान १० फूट दूर असावी लागते. त्याहून मोठ्या घरगुती टाकीसाठी हे अंतर साधारणपणे २५ फूट होते. जागा अरुंद असेल तर १,००० गॅलनच्या टाकीचा विचार तिथेच संपतो. ५०० गॅलनची टाकी सुमारे १० फूट लांब असते आणि पूर्ण भरल्यावर तिच्यातले प्रोपेनच साडेसातशे किलोंहून जास्त भरते, म्हणजे भारतातले पन्नासहून अधिक सिलिंडर. ट्रकची नळी बर्फातही तिथवर पोहोचेल, हेही पाहावे.

बिघाड झाल्यावर कोणाला बोलवायचे

कडाक्याच्या थंडीत फर्नेस धापा टाकू लागली किंवा शेगडीची ज्योत बारीक झाली, तर आधी काटा पाहावा. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळते, पण थंडी वाढते तशी त्याची वाफ होण्याची गती मंदावते, आणि टाकी लहान किंवा बरीच रिकामी असेल तर वाफ अपुरी पडते. दर हिवाळ्यात हे होत असेल तर टाकी वापराच्या मानाने लहान आहे. भाड्याची असेल तर मोठी टाकी मागावी. काटा ठीक असेल तर दोष रेग्युलेटरचा असू शकतो. भाड्याच्या टाकीत तो कंपनीने पाहायचा, स्वतःच्या टाकीत परवानाधारक तंत्रज्ञाला पैसे देऊन दाखवायचा.

टाकी पूर्ण संपली तर नुसता गॅस भरून भागत नाही; गळतीची चाचणी आणि पायलट (उपकरणातली सतत जळणारी छोटी ज्योत) पुन्हा पेटवणे आलेच, आणि त्याचे शुल्क वेगळे. काटा ३० टक्क्यांवर आला की मागणी नोंदवावी. वास आला तर मात्र टाकी कोणाची हा विचार बाजूला ठेवून, विजेचे कोणतेही बटण न दाबता, सगळ्यांनी घराबाहेर पडावे, सुरक्षितपणे जमत असेल तर टाकीचा व्हॉल्व बंद करावा आणि लांब जाऊन ९११ ला फोन करावा. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने ते तळघरात साचून राहते, म्हणून तिथे डोकावायला जाऊ नये.

भाड्याची टाकी अनेक वर्षे अंगणात असेल, तर तीच विकत मिळेल का, असे कंपनीला विचारून पाहावे. काही कंपन्या नव्या टाकीची किंमत सांगतात. अशा वेळी पट्टीवरचे निर्मितीचे वर्ष दाखवून घसारा मागावा. सौदा ठरल्यास अनुक्रमांकासह विक्रीपावती घ्यावी, आतला गॅस त्या किमतीत धरला आहे का हे तिच्यावर लिहून घ्यावे, आणि पहिल्यांदा गॅस भरण्यापूर्वी नव्या पुरवठादाराकडून टाकी, व्हॉल्व आणि रेग्युलेटर यांची तपासणी करून घ्यावी.