जुनी दुनळी रायफल की नवी?

पुण्यातल्या एखाद्या जुन्या वाड्यात आजोबांची विलायती दुनळी जपलेली असते, आणि नामिबियात परवान्याने शिकारीला निघालेल्या नातवाला तीच न्यावीशी वाटते. (भारतात 1972 च्या कायद्याने शिकारीला बंदीच आहे.) भावना समजते, पण आधी नळ्या उतरवून खालच्या सपाट बाजूवरचे शिक्के वाचा. ‘नायट्रो प्रूफ’ (म्हणजे धूरविरहित दारूच्या दाबाला नळ्या तपासल्याचा शिक्का) नसेल, तर आजचं नायट्रो काडतूस त्यात घालू नका.

तिथेच बहुधा कॉर्डाइट या जुन्या धूरविरहित दारूचं आणि गोळीचं वजनही कोरलेलं असतं. .470 कॅलिबरच्या रायफलवर दारू 75 आणि गोळी 500 ग्रेन (वजनाचं छोटं एकक) असं दिसेल. हे आकडे फार महत्त्वाचे. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच ठिकाणी पडाव्यात म्हणून कारागिराने त्या नेमक्या त्याच भाराला, म्हणजे दारू-गोळीच्या त्याच वजनाला, जुळवलेल्या असतात. भार बदलला की दोन गोळ्या दोन दिशांना. जखमी रानरेडा अंगावर येताना दुसरी गोळी चुकणं म्हणजे जिवाशी गाठ. शिवाय पूर्ण तांब्याच्या कडक गोळ्या जुन्या पातळ नळ्यांत नकोतच.

मग पुढची लाकडी मूठ काढून रायफल हलवून पाहा. सांध्यात खडखड जाणवली, तर आधी जाणत्या बंदूक-कारागिराकडे.

माझं मत स्पष्ट आहे: पहिल्याच मोहिमेला क्रिगहॉफ किंवा हाइम या जर्मन कंपन्यांसारखी नवी घ्या. ती आजच्या काडतुसांवर जुळवलेली असते, दुर्बीणही नीट बसते. मात्र भारतात 2019 पासून परवान्यावर दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारशाची धरून. हे आधी मोजा.