लँथॅनाइड मूलद्रव्यांचा अभ्यास कसा करावा

आवर्त सारणीत ओळीने येणाऱ्या पंधरा लँथॅनाइड धातूंची नावे आणि गुणधर्म घोकून पाठ करू पाहणारा विद्यार्थी बहुधा प्रेसिओडिमियम आणि निओडिमियम यांच्यापाशीच अडखळतो. त्यापेक्षा लँथॅनमपासून (अणुक्रमांक ५७) ल्युटेशियमपर्यंतची (७१) ओळ कागदावर उतरवून घ्यावी आणि एकच प्रश्न धरून ठेवावा: दर पायरीला वाढणारा इलेक्ट्रॉन जातो कोठे?

तो बहुतेक वेळा ४एफ उपकवचात (इलेक्ट्रॉनांच्या एका थरात) जातो, आणि हे उपकवच अणूच्या आत, ५एस व ५पी इलेक्ट्रॉनांच्या आड दडलेले असते. बाहेरचा चेहरा त्यामुळे फारसा बदलत नाही आणि जवळजवळ सगळी मूलद्रव्ये तीन धनप्रभारांचे आयन बनवतात. अपवाद मात्र ओळीत वेगळ्या खुणेने दाखवावेत: सेरियम चार प्रभारही धारण करतो, कारण मग त्याचे ४एफ रिकामे होते, युरोपियम आणि इटर्बियम दोनवर थांबू शकतात, कारण तेथे ते अनुक्रमे अर्धे आणि पूर्ण भरलेले असते.

ओळीच्या दोन्ही टोकांना आयनाची त्रिज्या लिहावी: लँथॅनम सुमारे १०३ पिकोमीटर, ल्युटेशियम सुमारे ८६. केंद्रकाचा प्रभार वाढत जातो, पण ४एफ इलेक्ट्रॉन त्याला नीट झाकू शकत नाहीत, म्हणून आयन हळूहळू आकसतो. या लँथॅनाइड आकुंचनाचा परिणाम ओळीबाहेरही दिसतो: पुढचे हाफ्नियम आकाराने जवळपास झिर्कोनियमएवढेच राहते, त्याच्या खनिजांत मिसळून असते आणि म्हणूनच १९२३ पर्यंत सापडले नव्हते.

इतके समजल्यावर इतिहास वाचावा. आधी वाचल्यास तो नुसती नावांची जंत्री वाटतो. स्वीडनमधील इटरबी गावाजवळ १७८७ मध्ये कार्ल आर्हेनियस यांना एक काळे खनिज मिळाले आणि १७९४ मध्ये योहान गाडोलिन यांनी त्यातून नवी ‘मृदा’ (म्हणजे धातूचे ऑक्साइड) वेगळी केली. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ मोसांडर यांनी १८३९ मध्ये शोधलेल्या लँथॅनमचे नावच ‘लपून राहणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. त्यांनीच १८४१ मध्ये जाहीर केलेले ‘डिडिमियम’ मेंडेलीव्ह यांच्या सारणीतही मूलद्रव्य म्हणून बसले होते. १८८५ मध्ये आउअर फॉन वेल्सबाख यांनी त्याचे प्रेसिओडिमियम आणि निओडिमियम असे दोन भाग करून दाखवले. विद्यार्थ्याचा गोंधळ त्यामुळे क्षम्यच म्हणावा लागेल. वेगळे करण्याचे मुख्य साधन त्या काळी पुन्हापुन्हा स्फटिकीकरण हे होते, आणि शुद्ध थुलियमसाठी चार्ल्स जेम्स यांना ते सुमारे १५,००० वेळा करावे लागले. भौतिकशास्त्रज्ञ मोझली यांच्या क्ष-किरण मापनांनी आवर्त सारणीतील ६१वी जागा रिकामी असल्याचे स्पष्ट झाले, पण स्थिर समस्थानिक नसलेले प्रोमेथियम १९४५ मध्ये युरेनियमच्या विखंडनातून निघालेल्या द्रव्यांत सापडले.

लँथॅनाइडांना मिळालेल्या ‘दुर्मिळ मृदा’ या नावावर मात्र विश्वास ठेवू नये. भूकवचात सेरियमचे प्रमाण साधारण तांब्याइतके आहे. अडचण आहे ती ही मूलद्रव्ये विखुरलेली आणि एकमेकांत मिसळलेली असण्याची.

उपयोगांसाठी कागदावर शेवटचा रकाना आखावा आणि प्रत्येक उपयोगासमोर त्याचे कारण लिहावे. आत दडलेल्या इलेक्ट्रॉनांवर आजूबाजूच्या अणूंचा प्रभाव कमी पडतो, म्हणून त्यांचा प्रकाश नेमक्या तरंगलांबीचा असतो: युरोपियमचा जुन्या दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील लाल रंग, निओडिमियमचा लेसर, आणि प्रकाशीय तंतूंत सुमारे १,५५० नॅनोमीटरचा संकेत वाढवणारे अर्बियम ही त्याची उदाहरणे. जोडी नसलेल्या ४एफ इलेक्ट्रॉनांमुळे चुंबकत्व येते. निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबकांत लोहाच्या जोडीने त्यांचाही वाटा असतो, आणि सात एकाकी इलेक्ट्रॉन असलेले गॅडोलिनियम एमआरआय तपासणीत प्रतिमा स्पष्ट करण्यासाठी वापरतात. सेरियम तीन आणि चार प्रभारांमध्ये सहज ये-जा करते, म्हणून वाहनांचा धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकांत त्याला स्थान आहे.

शेवटी हा कागद झाकून आयनांच्या रंगांचा अंदाज बांधावा: निओडिमियम जांभळट, अर्बियम गुलाबी, प्रेसिओडिमियम हिरवे. लँथॅनम आणि ल्युटेशियम यांचे आयन रंगहीन का, हे ४एफकडे पाहूनच सांगता आले पाहिजे: एकाचे रिकामे आहे, दुसऱ्याचे पूर्ण भरलेले.